दोन आटे सैल

काकूंच्या हॉस्टेलमध्ये नवीन माणूस राहायला आला की आठवडाभरात त्याच्या खोलीतलं काहीतरी बिघडणारच, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं टेबल डुगडुगायचं. कुणाच्या कपाटाचं दार कितीही लोटलं तरी मिटायचं नाही. कुणाची खुंटी टॉवेल अडकवला की मान टाकायची. इंजिनियरिंगची पोरं चेष्टा करायची, "लांबून शिकायला या, आल्या आल्या प्रॅक्टिकल सुरू!" काकू ऐकून घ्यायच्या. कमरेला चाव्यांचा जुडगा, खांद्यावर पुसायचं फडकं आणि चेहऱ्यावर आपण त्या गावच्याच नाही असा भाव.

खरं सांगायचं तर त्या इमारतीतली एकही वस्तू आपणहून बिघडत नव्हती. काकूंच्या राज्यात तिची तशी बिशादच नव्हती. त्या वस्तू काकू स्वतः बिघडवायच्या.

आता हे ऐकून बाई विक्षिप्त होती असं कुणाला वाटेल, म्हणून मुळापासून सांगतो. विद्यापीठाचं परदेशातल्या विद्यापीठांशी देणंघेणं होतं. इथली इंजिनियरिंगची मुलं सहा महिने, वर्षभर तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. मास्तर लोक आणि ऑफिसातली माणसंही अधूनमधून पंधरा दिवस जाऊन यायची. येणाऱ्या पोरांसाठी हे दोन मजली हॉस्टेल. अर्ध्या खोल्यांत बाहेरची पोरं, अर्ध्यांत इथली. देखरेखीला काकू. तळमजल्यावर जिन्याखालच्या दोन खोल्यांत त्या, त्यांचा बस चालवून निवृत्त झालेला नवरा आणि एकुलती एक लेक, जिला घरात ठकी म्हणत.

काकू या नोकरीवर लागल्या तेव्हा त्यांना एकच भूषण होतं, खोली. गादीवर एक सुरकुती नाही, काचेवर डाग नाही, बिजागरी कुरकुरत नाही. पहिल्या वर्षी एक मुलगी आली. अबोल, उंच, केस नेहमी ओले असल्यासारखे. काकूंनी तिला किल्ली दिली, तिने मान लववून आभार मानले आणि खोलीत गेली ती गेलीच. वर्गात जायची, परत यायची, दार लावून घ्यायची. काकूंना वाटलं, अभ्यासू आहे. काही हवंय का विचारलं की मुलगी हसून मान हलवायची. काही नको. सगळं ठीक आहे. निम्मं सत्रही झालं नसेल, एका सकाळी ती सामानासकट दारात उभी. परत चालली होती. काकू वर जाऊन बघतात तर खोली जशी दिली होती तशीच्या तशी. भिंतीला टाचणीचं भोक नाही. टेबलावर कपाचं वर्तुळ नाही. कुणी राहून गेलं म्हणावं अशी एक खूण नव्हती. काकू त्या गादीच्या कडेवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. इतकी चांगली खोली दिली आपण, आणि त्या खोलीनेच पोरीला गिळलं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या तुकडीत एका खोलीच्या खिडकीची कडी खरोखरच निखळली होती, काकूंच्या नजरेतून सुटली होती. तिथला मुलगा खाली आला, हाताने खिडकी उघडझाप करून दाखवू लागला. काकूंचे हात कोपरापर्यंत साबणात. पान्यांची पेटी वर कुणीतरी नेलेली. त्या म्हणाल्या, "समोरच्या खोलीत आहे बाळा, जा, माग." आणि विसरून गेल्या. संध्याकाळी फडकं घेऊन वर जातात तो काय, त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही! एक जण खिडकीत चढलेला, दोघं खालून त्याला अक्कल शिकवतायत, चौथा टेबलावर बसून कडीचं चित्र काढतोय, आणि ज्याची खिडकी तो मधोमध उभा राहून तीन भाषांत हातवारे करतोय. कडी बसली नव्हतीच. पण पोरगा त्या दिवसापासून एकटा दिसला म्हणून नाही.

काकू जिना उतरताना थांबल्या. डोक्यात लख्ख उजेड पडला.

तेव्हापासून नवीन तुकडी यायच्या आदल्या दिवशी काकू झाडूपुसू करून खोल्या आरशासारख्या करायच्या आणि मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून एकेका खोलीत एकेक खोडी करायच्या. त्याचे नियम होते. पाण्याला हात लावायचा नाही, विजेला नाही, दाराच्या कुलपाला तर नाहीच नाही. पडून कुणाला लागेल असं काही नको. बिघाड असा हवा की चार दिवस चालवून घेता येईल, पण पाचव्या दिवशी डोकं उठेल. म्हणून दोन आटे. एक सैल केला तर कुणाच्या लक्षात येत नाही, तीन केले तर वस्तू हातात येते. आणि पान्यांची पेटी कधीच काकूंकडे नसायची. ती त्या त्या मजल्यावरच्या एखाद्या इथल्या पोराकडे असायची. पेटी हुशार पोराकडे द्यायची नाही, बोलघेवड्या पोराकडे द्यायची, हाही नियमच.

नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. तुकडी यायची वेळ झाली की तो पेपरातून डोकं न काढता विचारायचा, "काय गं, झाली का तोडफोड?"

"निम्मी झाली. वरचा मजला राहिलाय."

"सरकार पगार देतं दुरुस्तीचा आणि बाई घेते मोडतोडीचा."

"तुम्ही बस वेळेवर नेत होतात का कधी? मग गप्प बसा."

बाकी कुणालाच माहीत नव्हतं. ठकीलाही नाही. ठकी पोरांतच वाढत होती, एक शब्द जरी तिच्या तोंडून निसटला असता तरी सगळा खेळ संपला असता. मुद्दाम सैल केलंय हे कळल्यावर कोण कुणाचं दार वाजवणार? ते मग नाटक झालं.

या गुपिताची किंमत मात्र काकूंनी रोख मोजली. लहानपणी ठकी पाने घेऊन आईच्या मागे मागे पळायची. पुढे तीच ठकी याच विद्यापीठात इंजिनियरिंगला लागली, आणि वर्गातल्या एकाने तिच्यादेखत म्हटलं, "त्या हॉस्टेलात माणसं सोडली तर काहीच धड नाही." वर्ग हसला. ठकी घरी आली ती फणफणत.

"आई, तुला जमत नसेल तर सरळ एखादा मिस्त्री बोलाव ना. दरवर्षी त्याच त्या खोल्या, तेच ते स्क्रू. मी कुणाची मुलगी आहे हे सांगायची लाज वाटते मला."

काकू भाजी चिरत होत्या, चिरत राहिल्या. माणसं सोडली तर काहीच धड नाही! त्यांच्या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नसतं आणि पोटच्या पोरीला ते शिवी म्हणून लागलं होतं. फार लागलं त्यांना. पण बोलल्या एवढंच, "बघते."

त्यातच परदेशवाले सर पंधरा दिवस तिकडे जाऊन आले. देवाणघेवाणीचं खातं त्यांच्याकडे होतं, म्हणून पोरांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. माणूस सज्जन, पण आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच विषय. "काकू, तिकडच्या हॉस्टेलात काय व्यवस्था हो! फोनवर तक्रार टाकली की तासाभरात माणूस हजर. आणि मुळात तक्रार येतच नाही. आपल्याकडे मात्र नवीन खोली दिली की पहिल्या आठवड्यात रड सुरू. असं चालायचं नाही. पुढच्या तुकडीच्या आधी मी दुरुस्तीवाल्याकडून खोली न् खोली तपासून घेणार आहे."

"घ्या की," काकू म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्यांनी दोन्ही वेळचा चहा बिनसाखरेचा केला, इतकं त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

पण मग अशी बातमी आली की हे सगळं दुय्यम झालं. ठकीची निवड झाली. परदेशवाले सर जिथे जाऊन आले त्याच विद्यापीठात, वर्षभरासाठी. काकूंचा ऊर असा भरून आला की त्यांनी भर दुपारी जिन्याचा कठडा दोनदा पुसला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना किल्ल्या दिल्या, आता आपल्या लेकराला कुणीतरी किल्ली देणार! वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांना त्यांनी सांगितलं, ज्यांना भाषा कळत नव्हती त्यांना हातांनी विमान करून दाखवलं. नवरा म्हणाला, "अगं, पुरे, आता पोस्टमनला तरी सोड." पण तोही रोज संध्याकाळी जुन्या डेपोत जाऊन हेच सांगत होता, हे काकूंना ठाऊक होतं.

ठकी गेली. पहिल्या फोनला खोली दाखवली. पांढरीशुभ्र, मोठी खिडकी, खिडकीत झाड. "आई, बघ. टेबल हलतसुद्धा नाही," ती टेबल धरून हलवून म्हणाली, आणि टोमणा काकूंना पोचला. दुसऱ्या फोनला म्हणाली, छान आहे. तिसऱ्याला म्हणाली, ठीक आहे. मग फोन आखूड होत गेले. जेवलीस का, जेवले. कुणाबरोबर, खोलीत. काही हवंय का?

"काही नको आई. सगळं ठीक आहे," ठकी म्हणाली आणि हसली.

ते हसू काकूंनी आधी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी परदेशवाले सर हॉस्टेलच्या दारात आले. घुटमळले. "काकू, तुमची मुलगी लवकर परत येता येईल का म्हणून विचारतेय. सुट्टी लागली की लगेच. तुम्हाला कल्पना आहे का? मला काही समजत नाही हो. तिकडे तर कसलीच अडचण नाही. सगळं चालतं."

"हो ना," काकू म्हणाल्या. "तीच अडचण आहे."

काकू घरात आल्या, नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला आणि ठकीला फोन लावला. परत येऊ नको असं त्यांना म्हणायचं नव्हतं. आली असती तर पोटाशीच धरली असती. पण एक खोली त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, सुरकुती नसलेल्या गादीची, आणि आपली पोर कुठेही एक ओरखडा न उमटवता परत यावी हे त्यांना सहन होईना.

"ठके, तुझ्या खोलीत खुर्ची आहे ना? तिच्या पाठीचा एक स्क्रू सैल कर. दोन आटे."

"आई, बरी आहेस ना तू?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. ती अबोल मुलगी, खिडकीची कडी, नियम, पेटी, सगळं. बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे," ठकी हळूहळू म्हणाली, "ते सगळं तू करत होतीस? ती डुगडुगणारी टेबलं? कपाटं? आणि मला वाटत होतं की आईला साधा स्क्रू पिळता येत नाही. आई! तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चाललं नसतं. आणि तू तरी कुठे विचारलंस, थेट म्हणालीस मिस्त्री बोलाव."

ठकीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

पहिला डाव मात्र फसला. ठकी पडली इंजिनियर, नियमात वाढलेली. स्क्रू सैल केला आणि दाराच्या मागे चिकटवलेल्या सूचनेप्रमाणे फोनवर तक्रार नोंदवली. तासाच्या आत एक माणूस आला, खुर्ची पिळली आणि गेला.

"बसला नाही? काही बोलला नाही?" काकूंनी विचारलं.

"हसला. हसला आणि गेला."

"अगं वेडे, तक्रार कशाला केलीस! तक्रार केली की नोकर येतो. पाना मागितला की शेजारी येतो. जा, पुन्हा सैल कर आणि समोरचं दार वाजव."

"मला नाही गं जमत, आई. काय म्हणू? त्यांना वाटेल ही कोण बावळट."

"वाटू दे की. बावळट माणसालाच लोक मदत करतात. शहाण्याला लांबून नमस्कार. तू माझ्या हॉस्टेलात एवढी पोरं बघितलीस, आल्या आल्या त्यांच्यातलं कोण शहाणं दिसत होतं?"

त्यानंतर चार दिवस फोन नाही. नवरा दिवसातून दहादा विचारी, "काही कळलं?" आणि काकू खेकसत, "कळलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का?" पाचव्या दिवशी सकाळी काकू वरच्या मजल्यावर उशांचे अभ्रे बदलत असताना फोन वाजला. उचलला तर आधी नुसता गलका. कुणीतरी काहीतरी आपटलं, कुणीतरी ओरडलं, आणि त्या सगळ्यात ठकीचं हसणं. सातमजली. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना हसायची तसं.

"आई, ऐक! समोरच्या खोलीतल्या मुलीकडे पाना नव्हताच. मग आम्ही दोघी तिच्या शेजाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे सायकलचा होता, पण तो बसेना. मग तो आणखी एकाला घेऊन आला. आता खुर्ची बाहेर व्हरांड्यात उलटी पडलीय आणि सगळे भांडतायत. एक जण म्हणतो डिझाइनच चुकलंय. आई, दोन आट्यांची खुर्ची होती, यांनी तिचे चारही पाय काढलेत!"

"बसवता येतील का?"

"अजिबात नाही. कुणीतरी कॉफी करायला गेलंय."

काकू हातातल्या अभ्र्यासकट पलंगावर बसल्या. "कॉफी झाली की सगळ्यांचे कप धुऊन ठेव," एवढंच त्यांना म्हणता आलं.

ठकी सुट्टीत परत आली नाही. परदेशवाले सर आश्चर्य करू लागले तेव्हा काकूंनी त्यांना समोर बसवलं आणि आपली इतक्या वर्षांची करणी बिनधास्त सांगून टाकली. आता त्यांना कुणाचीच भीती वाटत नव्हती. पोरीला कळलं होतं, तेवढं पुरे होतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"एक सांगू काकू? मी तिकडे पंधरा दिवस होतो ना. कामाशिवाय एका माणसाशी बोललो नाही. रोज त्या सुंदर खोलीत एकटा बसून ब्रेड खायचो. आणि इकडे येऊन सगळ्यांना काय सांगितलं, तर व्यवस्था फार चांगली." ते उठले. "दुरुस्तीवाला तर येणारच, त्याला सांगून झालंय. तो सगळं घट्ट करून जाईल. तो गेल्यावर तुमची एक फेरी होऊ द्या. मला काही सांगू नका."

वर्ष संपलं. ठकी घरी आली, सोबत दोन बॅगा आणि फोनमध्ये न थांबणारे निरोप. जेवणं झाली. बाप मुलीने आणलेली टोपी घालून आरशासमोर उभा होता. ठकी बॅग उपसत होती, काकू तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकूंनी धंद्यातल्या माणसाने विचारावा तसा प्रश्न विचारला, "खोली नीट करून दिलीस ना परत?"

"हो. खुर्ची घट्ट केली. काच पुसली. गादी ताणून घातली, एक सुरकुती नाही." ठकी थांबली. "आणि मग कपाटाच्या दाराची बिजागरी सैल केली."

काकूंचे हात थांबले. "किती?"

"दोन आटे."

"पाना?"

"समोरचीकडे ठेवून आलेय. ती अजून वर्षभर आहे तिथे. आणि भयंकर बोलते."

आरशासमोरचा माणूस टोपी काढून वळला.

"सैल करताना समोरचीने मला पकडलं," ठकी म्हणाली. "म्हणाली, हे काय करतेस, कुणी शिकवलं हे तुला? मी म्हटलं, आमच्या घरातलं कामच आहे हे. माझी आई करते."

काकूंनी घडी घातलेला सदरा उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला. मग म्हणाल्या, "उद्या नवीन तुकडी येतेय. वरचा मजला राहिलाय. येतेस?"

ठकीने बॅग तशीच टाकली आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला उठली.